जुन्या संगणकात पार्टिशनचा (डिस्कच्या पाडलेल्या भागाचा) आकार बघताना

८० जीबीची डिस्क ७४.५ दिसते म्हणून घाबरू नका, ती बिघडलेली नाही. डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

विंडोज एक्सपीत नुसत्या 'माय कॉम्प्युटर'वर विसंबू नका. ड्राइव्ह लेटर (सी, डी असं अक्षर) नसलेली पार्टिशनं तिथे दिसतच नाहीत. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'मॅनेज', मग 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. कुठल्याच पार्टिशनला न दिलेली जागाही तिथे कळते. मोठी डिस्क १२८ जीबीलाच अडकली असेल तर सर्व्हिस पॅक (विंडोजचं मोठं अपडेट) आणि बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) दोन्ही तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

विंडोज ९८ असेल तर जास्त जपा. त्यातला मूळ एफडिस्क (पार्टिशन पाडायचा प्रोग्राम) ६४ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कचा आकार चुकीचा दाखवतो. आणि एफडिस्कमध्ये शिरण्याआधी बॅकअप घ्याच, कारण 'डिलीट'चा पर्याय त्याच मेनूत असतो.