वाचकांचे प्रश्न : टाचेची सुई, कानातली बाळी आणि तान्ह्याचा मेंदू

प्रश्न : आमचा मुलगा २९ व्या आठवड्यात जन्मला, वजन ११५० ग्रॅम. मिरजेत ४३ दिवस काचेच्या पेटीत होता. रोज टाचेतून रक्त, सलाइनची सुई, नळ्या. आता सात महिन्यांचा आहे. टाचेला हात लागला की पाय झटकन ओढून घेतो. एवढ्या टोचण्यांचा मेंदूवर परिणाम झाला असेल का?
*– एक वडील, कराड*

उत्तर : पाय ओढण्यापासूनच सुरुवात करू. वारंवार टोचलेल्या टाचेला बोथट टोकाने किती दाब दिला की बाळ पाय ओढतं, हे लंडनमध्ये १९८० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मोजलं गेलं. न टोचलेल्या टाचेच्या मानाने निम्म्या दाबातच पाय ओढला जात होता. बधिर करणारं मलम नियमित लावल्यावर हा फरक ओसरला. म्हणजे दुखऱ्या जागेच्या नसा हळव्या होतात, हे खरं. पण ती मोजणी पेटीतल्या बाळांची. सात महिन्यांचं धडधाकट पोरही गुदगुल्या झाल्या की पाय ओढतंच, तेव्हा तेवढ्यावरून काही ठरवू नका.

आता मेंदूचं. २९ व्या आठवड्यात दुखण्याचा निरोप वर नेणाऱ्या नसा कामाला लागलेल्या असतात. तोच निरोप दाबून धरणाऱ्या, मेंदूकडून मणक्यात उतरणाऱ्या वाटा मात्र बऱ्याच उशिरा पक्क्या होतात. त्यामुळे बारकीशी सुईही त्या बाळाला मोठी आणि पसरट जाणवते. नसांवर आवरण चढवणाऱ्या पेशीही याच काळात नाजूक असतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी अशा बाळांचे एमआरआय केले. आजाराची तीव्रता आणि जंतुसंसर्ग हिशेबात धरूनही, जास्त टोचलेल्या बाळांत मेंदूतल्या पांढऱ्या भागाची वाढ मंद दिसली. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा : जास्त आजारी बाळालाच जास्त टोचावं लागतं, आणि हे दोन धागे पुरते सोडवणं अवघड आहे. तुमच्या बाळाचं काय होईल, हे सुया मोजून कुणालाच सांगता येणार नाही.

आणि ही फक्त आपल्याकडची तऱ्हा नव्हे. पॅरिस परिसरातल्या ४३० बाळांची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका बाळाला दिवसाकाठी साधारण दहा वेदनादायक गोष्टी सोसाव्या लागत होत्या, आणि पाचांतल्या चार वेळा त्यासाठी खास वेदनाशामक उपाय केलेला नव्हता.

तुम्ही करायचं ते असं. त्याचं वय दुरुस्त करून धरा : ११ आठवडे वजा केले की तो साडेचार महिन्यांचा. मान धरतो का, दोन्ही हात समोर आणतो का, आवाजाकडे वळतो का, हे त्या वयाच्या मापाने बघा. डोळ्यांची आणि कानांची तपासणी राहिली असेल तर आधी ती करा. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चौकशी करा. तिथे विकासाची तपासणी होते. टाचेला बोटांच्या टोकांनी चाचपू नका. कोमट तळव्यात अख्खं पाऊल धरा, थोडं थांबा, मग मोजा घाला. आईबाप शांतपणे प्रतिसाद देतात त्या घरात अशी मुलं पुढे बरीच सावरतात, हेही या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

प्रश्न : नातीचे कान बाराव्या दिवशी सोनाराकडून टोचून घ्यायचे होते. सून अडून बसली. एवढ्या तान्ह्या जिवाला कुठं कळतं, आणि आठवणार तरी काय?
*– एक आजी, तासगाव*

उत्तर : आजी, आठवणार नाही हे खरं, पण दुखतं. चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टरही तुमच्यासारखंच म्हणत. तान्ह्यांची ऑपरेशनं नुसतं स्नायू ढिले करणारं औषध देऊन, जेमतेम भुलीवर होत. १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी काही बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामकही दिलं. त्यांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरच्या अडचणी, दोन्ही कमी निघाल्या. २०१५ मध्ये तिथेच आठवड्याच्या आतल्या बाळांच्या पायाला हलकं टोचून एमआरआय केला. मोठ्यांच्या मेंदूतले जे २० भाग जागे होतात, त्यांतले १८ बाळांतही जागे झाले.

पण सुनेलाही सांगा : कान टोचण्याने मेंदू बिघडत नाही. भीती आहे ती आठवडेच्या आठवडे, रोज, काही उपाय न करता दिलेल्या वेदनेची. कानाच्या बाबतीत खरी काळजी जंतूंची. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचे तीन डोस साडेतीन महिन्यांना पुरे होतात आणि त्यात धनुर्वाताची लस असते, म्हणून त्यानंतर टोचा. कान सोनारानेच टोचावे ही म्हण राहू द्या, पण तार निर्जंतुक हवी आणि हात धुतलेले हवेत. भोकावर हळद-तेल नको. टोचताना बाळ आईच्या अंगावर पीत असू द्या. मध चाटवू नका, वर्षाच्या आत तो धोक्याचा.

प्रश्न : लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत एक रडलं की सगळी रडतात. दीड महिन्याच्या बाळाला तीन सुया. काय करता येईल?
*– एक आशाताई, पाटण*

उत्तर : बरंच. पोलिओ आणि रोटाचे (जुलाबावरच्या लसीचे) थेंब आधी, सुया नंतर. सुयांत हातावरची चिमुकली आयपीव्ही (पोलिओची सुई) आधी, मांडीत झोंबणाऱ्या पेंटा (पेंटाव्हॅलंट) आणि पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) शेवटी. बाळाला टेबलावर उताणं झोपवू नका, आईच्या मांडीवर टेकून घ्या. आईला सुईच्या आधीच पाजायला बसवा आणि शेवटची सुई निघेपर्यंत पाजू द्या. थेंबांसाठी पाजणं थांबवायची गरज नाही. स्नायूत सुई घातल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त बघण्याची जुनी सवय सोडायला सिस्टरांना सांगा. सुई जास्त वेळ आत राहते आणि जास्त दुखते. नंतर कापूस नुसता दाबायचा, चोळायचा नाही.

अंगावर पाजणं शक्य नसेल तर उकळून गार केलेल्या २० मिली पाण्यात एक सपाट चमचा (सुमारे ५ ग्रॅम) साखर विरघळवा. त्यातलं १ ते २ मिली जिभेवर, सुईच्या दोन मिनिटं आधी. असर चार-पाच मिनिटांचाच, म्हणून आधी पाजून रांगेत बसवलं तर वाया. उरलेलं पाणी फेकून द्या, आणि घरी रडणं थांबवायला हे वापरू नये, असं आईला बजावा. साखरेने रडणं कमी होतं, मेंदूपर्यंत पोचणारी कळ मात्र कमी होत असल्याचं दिसलेलं नाही. म्हणून पहिली पसंती आईच्या कुशीलाच.

चेहरा बघायची सवय लावा : भुवया खाली दाबल्या जातात, डोळे घट्ट मिटतात, नाकपुडीपासून ओठाच्या कडेला घडी पडते. अशक्त बाळ रडत नाही, गळून पडतं. ते शहाणं म्हणून गप्प नसतं.

प्रश्न : लस द्यायच्या आधीच पॅरासिटामॉल द्यावं का?
*– एक वाचक, विटा*

उत्तर : नको, लसीचा प्रतिसाद थोडा कमी होतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना विचारून द्या. बाटली मात्र नीट वाचा. पाच किलोच्या बाळाला साधारण ६० मिलिग्रॅम लागतं : १ मिलीत १०० मिलिग्रॅमवाले ड्रॉप्स असतील तर ०.६ मिली, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमवालं सिरप असेल तर सुमारे २.४ मिली. सिरपचं माप ड्रॉप्सना लावलं की चौपट डोस जातो.