बाण संपल्यावर तिरंदाज काय करायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या शतवर्षीय युद्धातल्या (१३३७-१४५३) इंग्रज तिरंदाजांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे : धनुष्याखेरीज त्यांच्याजवळ काय असायचं?

प्रश्न : चित्रपटांत तिरंदाज बाण सोडून मागे सरकताना दिसतात. बाण संपले की त्यांचं काम खरंच संपायचं का?

अजिबात नाही. बाणांची जुडी साधारण २४ बाणांची असे. मिनिटाला दहा बाण सोडले, तर ती अडीच मिनिटांत रिकामी होते. मागून गाड्यांतून बाण आले तरी तेही कधीतरी संपणारच. कायद्यानेही हे गृहीत धरलं होतं. इंग्लंडमधल्या १२८५च्या विंचेस्टरच्या कायद्यानुसार वर्षाला ४० ते १०० शिलिंग उत्पन्नाची जमीन असलेल्या माणसाने धनुष्यबाणासोबत तलवार आणि सुरासुद्धा बाळगायचा होता.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २५ ऑक्टोबर १४१५ची फ्रान्समधली ॲजिनकोर्टची लढाई. रात्रभर पाऊस पडलेला, रान ताजं नांगरलेलं. जड चिलखतातले फ्रेंच सरदार चिखल तुडवत पुढे आले आणि इतके दाटले की हत्यार उगारायलाही जागा उरली नाही. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याच्या सैन्यात तिरंदाजच बहुसंख्य होते. बाण संपताच त्यांनी धनुष्यं टाकली आणि कुऱ्हाडी, तलवारी, जमिनीवर पडलेले भाले, जे हाताला लागेल ते घेऊन ते त्या गर्दीत घुसले. फ्रेंच बाजूने ही लढाई पाहिलेल्या झाँ द वाव्हरँ याने त्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे : बहुतेकांच्या अंगावर चिलखत नाही, कमरेला कुऱ्हाड किंवा तलवार, आणि काही जण तर अनवाणी. त्या दिवशी चिलखत नसणं हाच त्यांचा मोठा फायदा ठरला, कारण चिखलात ते मोकळेपणाने हलू शकत होते. त्या विजयाचं श्रेय फक्त बाणांना देणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : तिरंदाज शिशाचे मोगर घेऊन लढत, असं वाचलं. एवढं ओझं कोण वाहील?

ज्याला खुंट ठोकायचे आहेत, तो वाहील! फ्रेंच घोडदळ तिरंदाजांवर घालायचा बेत आहे, हे कळल्यावर हेन्रीने प्रत्येक तिरंदाजाला सुमारे सहा फुटांचा, दोन्ही टोकं तासलेला लाकडी खुंट सोबत ठेवायचा हुकूम दिला. हा खुंट घोड्याच्या छातीच्या रोखाने तिरका रोवायचा. ठोकताना वरचं टोक बोथट होणार, म्हणजे ते पुन्हा तासायला कुऱ्हाड हवीच. मोगर आणि कुऱ्हाड ही आधी कामाची अवजारं होती, ती लढाईत हत्यारं झाली, असं माझं ठाम मत आहे. शिवाय शिरस्त्राण कापत बसण्यापेक्षा त्यावर मोगर हाणला, तर आतला माणूस कोसळतो.

खुंटांचं यश मात्र जमिनीवर आणि मिळणाऱ्या वेळेवर अवलंबून असे. १४२४मध्ये फ्रान्समधल्या वेर्नय इथे उन्हाने टणक झालेल्या जमिनीत ते नीट रोवलेच गेले नाहीत आणि घोडदळ त्यातून पार गेलं. १४२९मध्ये पाते इथे खुंट रोवून होण्याआधीच फ्रेंच येऊन भिडले आणि तिरंदाजांची कत्तल झाली.

प्रश्न : भाता पाठीवर असायचा की कमरेला?

इंग्रज तिरंदाजाचा कमरेला, किंवा बाण पट्ट्यात खोचलेले. १५४५मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेत चामड्याच्या चकत्या सापडल्या. त्यांना २४ भोकं आहेत. प्रत्येक भोकात एक बाण, म्हणजे पिसं एकमेकांवर घासून चुरगळत नाहीत. जहाज मध्ययुगानंतरचं आहे, पण लाकूड आणि चामडं इतकं टिकलेलं दुसरीकडे क्वचितच मिळतं. बाण सोडताना दोरी डाव्या हाताला फटकारते, त्यापासून वाचवणाऱ्या मनगटपट्ट्याही तिथे मिळाल्या. बहुतेक चामड्याच्या, एक हस्तिदंती. खंजीरही निघाले. त्यांच्या लाकडी मुठीच्या तळाशी दोन गोल फुगवटे असतात. असा खंजीर रोजच्या कामाला कमरेला असायचा आणि चिलखताच्या सांध्यांत, शिरस्त्राणाच्या फटीत खुपसायलाही तोच.

प्रश्न : तिरंदाज ढाल वापरत का?

धनुष्य ओढायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे मोठी ढाल शक्य नव्हती. हाताच्या मुठीत धरायची छोटी गोल ढाल मात्र कमरेला अडकवत आणि तलवारीबरोबर वापरत. आडव्या यांत्रिक धनुष्याचे, म्हणजे क्रॉसबोचे, सैनिक वेगळे. दोरी चढवायला वेळ लागत असल्याने ते जमिनीवर टेकवायच्या उंच ढालीआड उभे राहत. २६ ऑगस्ट १३४६ला फ्रान्समधल्या क्रेसी इथे फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या, इटलीतल्या जिनोव्हाच्या क्रॉसबो सैनिकांच्या या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या. तरीही त्यांना पुढे धाडलं गेलं. इंग्रज बाणांखाली ते उघड्यावर सापडले, आणि माघार घेऊ लागले तेव्हा त्यांच्याच बाजूच्या घोडेस्वारांनी त्यांना तुडवलं.