पोरीला ‘बीटी’ केलं का?

प्रश्न : माझी मुलगी 2022 साली सातवीत होती, आता अकरावीत आहे. तेव्हा शाळेत तिला कोरोनाच्या कोर्बेव्हॅक्स लसीचे दोन डोस दिले. शेजारचे म्हणतात, त्या लसीत बनावट डीएनए होता, “तुह्या पोरीले कपाशीसारखं बीटी केलं त्यायनं.” पुढं तिच्या लेकराबाळांना काही होईल का?
– एक आई, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, त्या डीएनएमुळं तिच्या लेकराबाळांना काही होणार नाही. त्या मार्चमध्ये शाळेच्या व्हरांड्यात बसून मी स्वतः ही लस पोरांना टोचली आहे, म्हणून नीट सांगतो.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. लसीत कारखान्यात बनवलेला डीएनए होता. सीपीजी 1018 हे त्याचं नाव, लांबी 22 अक्षरं (डीएनए ए, टी, सी, जी या चार रासायनिक अक्षरांची माळ असते), एका डोसात पाऊण मिलिग्रॅम. पण बीटी कपाशीत जिवाणूचं अख्खं जनुक पेशीच्या गाभ्यात कायमचं बसवलेलं असतं, म्हणून ते सरकीत उतरतं. या 22 अक्षरांत जनुकच नाही.

मग तो घातला कशाला? तुमच्या घरचे तुरीत जागलीला जातच असतील. सकाळी धुऱ्यावर रानडुकराच्या खुरांचा ठसा दिसला की त्या रात्री माळ्यावर माणूस वाढतो. डुक्कर दिसायची वाट कोणी पाहत नाही. जिवाणूंच्या डीएनएत ‘सी’मागोमाग ‘जी’ ही जोडी जागोजागी उघडी सापडते. आपल्यात ती कमी, आणि असली तरी बहुतेक वेळा तिच्यावर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाची टोपी असते. हा फरक आपल्या संरक्षक पेशी ओळखतात, हे अमेरिकेत आर्थर क्रीग यांच्या गटानं 1995 साली दाखवलं. ओळखणारा जागल्या, टीएलआर-9, 2000 साली जपानात शिझुओ अकिरा यांच्या गटाला सापडला. तो बसतो पेशीतल्या एका पिशवीत, गाभ्याच्या बाहेर. सीपीजी म्हणजे नुसता ठसा, डुक्कर नाही.

लसीतलं मुख्य प्रथिन यीस्टमध्ये वाढवलेलं. तेवढ्यानं शरीर पुरतं जागं होत नाही. कावीळ ‘ब’च्या एका लसीत हाच तुकडा घातल्यावर तीनाऐवजी दोन डोस पुरले.

उलट काम करणारे तुकडेही आहेत. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांवरची अक्षरं जुळवून केलेले तुकडे उंदरांमध्ये भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करतात. संधिवातासारख्या दुखण्यांसाठी मला त्याची फार आशा वाटते.

तिचा दंड तेव्हा दोन दिवस ठणकला असेल. ती जागल्यांचीच धावपळ. तुकडा पुढं विरघळून जातो. हे सगळं तेव्हाच पालकांना बसवून सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही, ते चुकलं. हे उत्तर पोरीला वाचायला द्या. डीएनएचं चित्र तिनं दहावीच्या पुस्तकात पाहिलं आहे, शेजाऱ्यांना तीच काढून दाखवेल.