उजव्या कुशीवर ठेवू नकोस

प्रिय धाकट्या,

रविवारच्या सायकल शर्यतीत नाव नोंदवलंस हे वाचून फार बरं वाटलं. शेवटच्या आठवड्यात सराव कसा करू, असं तू विचारलं आहेस. सराव व्हायचा तो झाला. या आठवड्यात पायांत नवी ताकद येत नाही, थकवा मात्र येऊ शकतो. थोडा वेळ चालव, अधूनमधून मिनिटभर जोर लाव, पुरे. मला तुझ्याशी बोलायचं आहे ते प्रवासाबद्दल, कारण त्याबद्दल कोणी सांगत नाही आणि माझी पहिली शर्यत गाडीच्या डिकीतच संपली होती.

चार तासांचा रस्ता होता, म्हणून पहाटे निघाले. चाकं काढून सायकल डिकीत उजव्या कुशीवर आडवी टाकली आणि वर बॅगा रचल्या. पोहोचले तेव्हा सुटायला चाळीस मिनिटं होती. घाईघाईत नंबर घेतला, चाकं बसवली आणि रांगेत उभी राहिले. सपाटीवर सगळं ठीक चाललं. नवव्या किलोमीटरला पहिला चढ आला, मी सर्वांत हलका गिअर टाकला आणि मागचा डिरेलर, म्हणजे सायकलच्या उजव्या बाजूला असलेला, साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, थेट चाकाच्या तारांत गेला. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मुद्दामच कमजोर केलेला असतो; मार बसला तर फ्रेमऐवजी तो वाकावा किंवा तुटावा म्हणून. बॅगांच्या भाराने तो आत वाकला होता. मधल्या गिअरांवर हे लक्षात येत नाही. महिनोन्महिन्यांचा सराव घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि घोळका वळणाआड जाताना बघत होते. ते दृश्य मी अजून विसरलेले नाही.

म्हणून सायकल आडवी ठेवायची झालीच तर डाव्या कुशीवर, आणि वर काहीही ठेवायचं नाही. तुझ्या फ्रेमचा एक जादा हँगर आजच मागवून ठेव. जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, ऐन वेळी दुसऱ्याचा उपयोग होत नाही. पोहोचल्यावर सायकल जोडून सगळे गिअर एकदा खालपासून वरपर्यंत टाकून बघ. हे काम आदल्या दिवशी संध्याकाळी उजेडात कर.

कधी विमानाने जायची वेळ आली तर डिरेलर हँगरवरून सोडवून फडक्यात गुंडाळ आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांधून टाक. डिस्क ब्रेकची चाकं काढलीस की पॅडच्या फटीत प्लास्टिकचा तुकडा सरकव. चाक नसताना ब्रेक चुकून दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि उघडायला तारांबळ उडते. पेडलं काढताना लक्षात घे, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, पाना पेडलच्या वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडलं घट्ट होतात, मागे ओढला की सुटतात. सीट काढण्याआधी तिच्या उंचीची चिकटपट्टीने खूण कर. हँडलबार परत बसवताना स्टेमवर, म्हणजे हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागावर, छापलेला टॉर्कचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा पाळ, कार्बन असेल तर नक्कीच. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर जादा बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवावी लागते, सामानात चालत नाही. हेल्मेट, बूट आणि शर्यतीचे कपडेही हातातल्या बॅगेतच असू देत. सायकल मागे राहिली तर कोणाची तरी उसनी मिळेल, पण तुझ्या क्लीटच्या (बुटाच्या तळाला असलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या खाचेच्या) जागेसकट तुझे बूट कुठेच मिळणार नाहीत.

शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोच. लांब बसून पाय जड होतात, म्हणून सायकल जोडली की अर्धा-पाऊण तास आरामात फिरून ये आणि त्या फेरीत शेवटचे पाच किलोमीटर बघून घे. सायकलवरूनच बघ, गाडीतून चढ लहान वाटतो आणि खड्डे दिसत नाहीत. शेवटचं वळण कुठे आहे, तिथून अंतिम रेषा किती लांब आहे, रस्ता कुठे अरुंद होतो आणि वारा कोणत्या बाजूने येतो, एवढं मनात बसलं तरी बहुतेक नवख्यांच्या तू पुढे असशील.

रात्री झोप लागणार नाही. अनोळखी खोली असते, मनात घालमेल असते. त्याची भीती बाळगू नकोस. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने पाय जात नाहीत. गुरुवार आणि शुक्रवारच्या रात्री भरपूर झोपून घे. जेवण मात्र पोटाला सवयीचं असू दे. नवीन पदार्थ, नवीन एनर्जी जेल, नवीन बूट यांतलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा नको. दीड तासापेक्षा मोठी शर्यत असेल तर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती कोणत्या खिशात आहेत हेसुद्धा रात्रीच ठरव. जर्सीला नंबरही रात्रीच लाव, चारही कोपऱ्यांना पिना, वाऱ्यात फडफडणार नाही असा. कोणत्या बाजूला लावायचा ते नियमपत्रकात असतं, आणि चुकलास तर पंच निकालात तुला धरणार नाहीत. सकाळसाठी एकही निर्णय शिल्लक ठेवू नकोस. शर्यतीची सकाळ माणसाची निम्मी शक्ती असल्या फुटकळ प्रश्नांतच खाते.

टायरमध्ये हवा सकाळी भर, आणि पाऊस असेल तर नेहमीपेक्षा थोडी कमी. दगडासारखी टणक हवा वेगवान वाटते, पण खडबडीत रस्त्यावर चाक उडत राहतं आणि ओल्या वळणावर पकड कमी होते.

शर्यतीबद्दल दोनच गोष्टी. घोळक्याच्या शेपटीला राहू नकोस. तिथे आराम वाटतो, पण पुढचे वळणावर जरासे हळू होतात तेव्हा मागच्यांना जवळजवळ थांबावं लागतं आणि मग तुटलेलं अंतर भरायला जिवाच्या आकांताने पळावं लागतं. प्रत्येक वळणावर हे घडतं. पन्नास वळणांत पन्नास स्प्रिंट होतात आणि चढ येण्याआधीच पाय रिकामे होतात. पुढच्या तिसऱ्या हिश्शात राहा; कोणाच्या तरी मागच्या चाकामागे, वाऱ्याच्या आडोशाला राहिलास की पाव हिस्सा श्रम सहज वाचतात. दुसरी गोष्ट मी तुला बजावून सांगते आहे. आपलं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवू नकोस. तो जरा सरकला तरी पडतोस तू, तो नाही, आणि तुझ्यामागचे दहाजण तुझ्या अंगावर येतात. २००३ च्या फ्रान्समधल्या पॅरिस–नीस शर्यतीत व्यावसायिक सायकलपटू आंद्रेई किविलेव्ह पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तो वाचला नाही, आणि त्याच वर्षी व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं. पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला आहे ना, हे सुटायच्या रांगेत एकदा बोट घालून बघ.

मागे पडलास तर एकटा झुंजत बसू नकोस. तुझ्यासारखेच मागे पडलेले तीन-चार जण गाठ आणि आळीपाळीने पुढे राहून शर्यत पूर्ण करा. पहिल्या शर्यतीत असा गट जमणं हे मला कोणत्याही क्रमांकापेक्षा मोलाचं वाटतं, कारण एकमेकांना वाऱ्यापासून आडोसा देणं तिथेच अंगवळणी पडतं.

आणि परतीचा प्रवास. याची तयारी जवळजवळ कोणीच करत नाही. चार तास जीव तोडून चालवल्यावर तू गाडीत बसशील तेव्हा निकालाच्या उत्साहात थकवा जाणवणार नाही. तो तासाभराने, गार हवेत, सरळ रस्त्यावर येतो आणि डोळे मिटतात. माझ्या ओळखीतला एक चांगला सायकलपटू शर्यतीत नखभरही न खरचटता परत निघाला आणि घराच्या अलीकडे वीस किलोमीटरवर त्याची गाडी रस्ता सोडून गेली. तो बरा झाला, पण पुन्हा सायकलवर बसला नाही. म्हणून गाडी चालवणारा दुसरा कोणी असेल असं बघ. नसेल तर खाऊन-पिऊन अर्धा तास गाडीतच आडवा हो आणि मग निघ, किंवा आणखी एक रात्र राहा. सोमवारची सुट्टी आताच टाकून ठेव.

निघताना मला कळव, आणि घरी पोहोचलास की पुन्हा कळव. कितीही उशीर झाला तरी मी जागी असेन.

तुझी,
ताई