मांजराचा श्वास बंद पडला तर तोंडाने श्वास देऊन वाचवता येतं का?

येतं, कधी कधी. पण त्याआधी एक ऐका. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. घरातलं वडीलधारं माणूस ओरडून सांगत असलं तरी नाही.

आमचा बंड्या, लॅब्राडोर, बत्तीस किलोचा. एका रविवारी त्याने मटणाची नळी पळवली. मी भाकऱ्या थापत होते. मागच्या दारी धप्पकन आवाज आला म्हणून गेले तर हा आडवा, जीभ निळी, छाती हलत नाही. हाका मारल्या, चिमटा काढला, काही नाही. फडक्याने जीभ धरून ओढली तेव्हा हाडाचा तुकडा दिसला, तो दोन बोटांनी काढला. (दिसत नसेल तर उगाच चाचपडू नका, आणखी आत जातो.) तरीही श्वास नाही. मग कुशीवर झोपवून छातीच्या सगळ्यात रुंद भागावर दोन्ही हातांनी दाबायला लागले. सेकंदाला जवळजवळ दोनदा, छाती निदान एक तृतीयांश दबेल इतकं. तीस झाले की जबडा मिटून धरायचा, मान सरळ करायची आणि नाकपुड्यांतून दोनदा हवा फुंकायची. छाती वर आलेली दिसली पाहिजे.

एवढ्यात आमचे भाऊजी तांब्या घेऊन आले. “घसा सुकलाय त्याचा, वहिनी,” म्हणत मी कोपराने ढकलेपर्यंत अर्धा तांब्या ओतलासुद्धा. तिसऱ्या फेरीला बंड्याने आचका दिला आणि श्वास घेतला. तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत हीच गोष्ट: “माझ्या पाण्याने उठला कुत्रा.” दुसऱ्या दिवशी ताप चढला, डॉक्टर म्हणाले पाणी फुप्फुसात गेलंय, न्यूमोनिया. दहा दिवस इंजेक्शनं. बिल कोणी भरलं ते पंगतीत येत नाही.

जनावरांच्या सीपीआरची, म्हणजे या छाती दाबण्या-फुंकण्याची, ‘रिकव्हर’ नावाची नियमावली २०१२ मध्ये आली, २०२४ मध्ये सुधारली. तिच्यात तांब्या कुठेही नाही. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला, असं मात्र आहे. तिथे भाऊजींचा उपयोग झाला असता.

तर तुमचं मांजर. मी मांजर पाळलेलं नाही, पण आमच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं: पुढच्या पायांच्या कोपरांमागे छाती एका हाताच्या मुठीत धरायची, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, आणि दाबायचं. मोजणी तीच, तीसला दोन.

हो, आणि रस्त्यावरच्या किंवा रेबीजची शंका असलेल्या जनावराला तोंड लावू नका, नुसती छाती दाबा. धडधाकट जनावरावर सराव करू नका, बरगडी मोडते. आजारपणात हृदयच थांबलं असेल तर दवाखान्यातही वाचणारी थोडीच असतात. म्हणून दाबता दाबताच दवाखान्यात निघायची तयारी हवी. घरात भाऊजी असतील तर त्यांना रिक्षा आणायला पाठवा.