अमेरिकेत नॅशव्हिलला दोनच दिवस आहे, कंट्री संगीतातलं, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यातलं, काही कळत नाही. तिथला गाण्यांचा कार्यक्रम ‘ग्रँड ओल ऑप्री’ बघावा का? जुने दिग्गज गेल्यावर आता तिथे उरलंय काय?

बघाच. आणि तुमच्या दोन दिवसांत शनिवार येत असेल तर शनिवारचंच तिकीट काढा.

मी नॅशव्हिलच्या दक्षिणेला फ्रँकलिनमध्ये सहा वर्षं राहिले. पहिल्यांदा ऑप्रीला गेले तेव्हा मलाही कंट्रीतलं काही कळत नव्हतं, आणि त्या रात्री मी हिरमुसूनच परतले. दोन तासांत एकामागून एक कलाकार आले, दोन-तीन गाणी म्हणून गेले. एखादी गायिका रंगात येतेय असं वाटेपर्यंत तिची वेळ संपलेली. मध्येच जाहिराती. मैफलीची सवय असलेल्या माणसाला हे तुटक वाटणारच.

पुढच्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा आले. अण्णा पक्के रेडिओवाले. सकाळी आकाशवाणी सांगली लागल्याशिवाय आमच्या घरात चहा होत नसे. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी त्यांना घेऊन गेले. पाचेक मिनिटांत ते माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “अगं, गाणारीकडे नंतर बघ. तो कडेला उभा आहे ना, त्याच्याकडे बघ.”

कडेला डेस्कमागे निवेदक उभा होता, हातात कागद. गाणं शेवटच्या कडव्याला आलं की त्याची नजर घड्याळाकडे. टाळ्या ओसरायच्या आत त्याने जाहिरात वाचायला घेतलेली, आणि तेवढ्यात मागे अंधारात पुढच्या गायकाचे साथीदार तारा लावून तयार. रंगमंचाच्या मागच्या बाजूला बाकांवर पाहुणे बसलेले, त्यांच्या आपापसात गप्पा. “हा स्टुडिओ आहे,” अण्णा म्हणाले. “आपल्याला आत बसू दिलंय.”

ऑप्रीचं मर्म एवढंच आहे, आणि ते त्यांना पाच मिनिटांत कळलं. हा रेडिओचा कार्यक्रम आहे. आपल्यासमोर जे चाललंय ते त्याच क्षणी कुठल्यातरी ट्रकमध्ये, कुठल्यातरी स्वयंपाकघरात ऐकलं जातंय. ते लक्षात ठेवून बसलात की तुटकपणा जाणवत नाही.

सुरुवातही रेडिओतूनच झाली. नॅशव्हिलच्या एका विमा कंपनीने १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूएसएम हे केंद्र सुरू केलं. ही अक्षरं कंपनीच्या ‘वी शील्ड मिलियन्स’ या ब्रीदवाक्याची, म्हणजे लाखोंवर आमचं छत्र. २८ नोव्हेंबर १९२५ ला, शनिवारी रात्री, जॉर्ज हे या निवेदकाने अंकल जिमी थॉम्पसन या ७७ वर्षांच्या फिडलवादकाला मायक्रोफोनसमोर बसवलं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवायची रीत खेड्यातल्या नाचाची. तासाभराने हेंनी विचारलं, दमलात का? म्हातारबाबांचं उत्तर असं की एका तासात तर माणसाचा हातही नीट तापत नाही. स्वतःला ‘सॉलम ओल्ड जज’, म्हणजे गंभीर म्हातारा न्यायाधीश, म्हणवणारे जॉर्ज हे तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

नाव पडलं दोन वर्षांनी, आणि ती गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. १० डिसेंबर १९२७. या कार्यक्रमाच्या आधी एनबीसी या देशभरच्या रेडिओ कंपनीचा अभिजात पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम लागे, वॉल्टर डॅमरॉश तो सादर करीत. त्या रात्री ते म्हणाले की अभिजात संगीतात वास्तववादाला जागा नाही, तरी अपवाद म्हणून धावत्या आगगाडीवरची एक रचना ऐकवतो. ती संपली. इकडे जॉर्ज हे म्हणाले, आता पुढचे तीन तास आमच्याकडे वास्तवच, आणि त्यांनी डिफोर्ड बेलीला बोलावलं. बेलीने माउथ ऑर्गनवर आगगाडी धावती केली: शिटी, चाकं, चढण, सगळं. तो थांबल्यावर जॉर्ज हे म्हणाले की तासभर आपण ग्रँड ऑपेरा ऐकला, यापुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’. ऑप्री म्हणजे ऑपेराचाच गावरान उच्चार.

म्हणजे जे नाव आज जगभर मिरवलं जातं ते एका कृष्णवर्णीय कलाकाराच्या वादनातून निघालं. टेनेसीच्या खेड्यातला हा माणूस, आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, लहानपणी पोलिओ झालेला. ऑप्रीचा पहिल्या फळीचा तारा. दौऱ्यावर गोऱ्या सहकलाकारांबरोबर जाई तेव्हा हॉटेलवाले त्याला खोली देत नसत. सोबतचे लोक तो आमचा नोकर आहे असं सांगून त्याची सोय करत. १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ केंद्रं आणि हक्क सांभाळणारी संस्था यांच्यात वाद झाला, त्याच्या गाजलेल्या धुना वाजवायला बंदी आली, आणि ऑप्रीने त्याला काढून टाकलं. पुढे जॉर्ज हेंनी तो आळशी होता असं लिहून ठेवलं. बेलीने बूटपॉलिशचं दुकान चालवून पुढची वर्षं काढली. १९८२ मध्ये तो गेला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २००५ मध्ये आलं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी. कृष्णवर्णीय सदस्य म्हणून त्याच्यानंतर चार्ली प्राइड १९९३ मध्ये आला आणि डेरियस रकर २०१२ मध्ये. ऑप्रीवर माझा जीव आहे, म्हणूनच हे मी गाळणार नाही. तिथे गेलात तर हे नाव मनात ठेवून जा.

१९३२ मध्ये डब्ल्यूएसएमची ताकद ५० हजार वॉट झाली आणि रात्रीच्या हवेत ते अर्ध्या अमेरिकेत ऐकू येऊ लागलं. त्या वेळचा मनोरा अजून ब्रेंटवूडला उभा आहे, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. फ्रँकलिनहून शहरात जाताना महामार्गावरून रोज दिसायचा. मंदीचा काळ, शेतावर वीज नाही, रेडिओ बॅटरीवर चालणारा. अशा घरांतून शनिवारची रात्र म्हणजे ऑप्री हे ठरून गेलं.

गर्दी वाढत गेली तशा जागा बदलत गेल्या. १९४३ मध्ये कार्यक्रम रायमन सभागृहात आला. एका बोटमालकाने प्रवचनं ऐकून प्रभावित होऊन बांधलेलं ते प्रार्थनास्थळ, १८९२ मधलं. बसायला चर्चमधली लाकडी बाकं, वातानुकूलन नाही, कलाकारांना धड खोल्या नाहीत. आणि ऑप्रीचे सोनेरी दिवस नेमके तिथलेच. गायक रॉय अकफ होता, ब्लूग्रास या तारवाद्यांवरच्या वेगवान शैलीचा जनक बिल मन्रो होता, लोकांना हसवणारी मिनी पर्ल होती. मिनी पर्लच्या टोपीला १.९८ डॉलरचा किमतीचा कागद तसाच लोंबत असे आणि आल्या आल्या ती ‘हाऊडी!’ अशी आरोळी ठोकी. हँक विल्यम्स ११ जून १९४९ ला पहिल्यांदा गायला तेव्हा लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा परत बोलावलं. तीनच वर्षांनी, दारूपायी येईना झाला म्हणून, ऑप्रीने त्याला काढलं, आणि १ जानेवारी १९५३ ला तो २९ व्या वर्षी गेला. एल्विस प्रेस्ली इथे एकदाच गायला, २ ऑक्टोबर १९५४. प्रतिसाद बेताचा होता. तो परत कधी आला नाही. जॉनी कॅशने १९६५ मध्ये रागाच्या भरात माइकचा दांडा फिरवून रंगमंचाच्या कडेचे दिवे फोडले, त्यालाही काही काळ दार बंद झालं. पॅट्सी क्लाइन १९६३ मध्ये विमान अपघातात गेली, तिच्यासोबत ऑप्रीचे आणखी दोन गायक. लोरेटा लिन आणि डॉली पार्टन दोघीही साठच्या दशकात सदस्य झाल्या.

‘सदस्य’ हा शब्द नीट समजून घ्या, कारण ‘आता काय उरलंय’ याचं उत्तर त्यात आहे. इथे अर्ज करायचा नसतो. व्यवस्थापन बोलावतं, बहुतेक वेळा रंगमंचावरच, गायकाला काही कल्पना नसताना, आणि बोलावणं घेऊन येतो तो आधीचा एखादा सदस्य. त्या क्षणी भलेभले रडतात. पैसा हे कारण नाही, कारण मानधन अगदी किरकोळ. साठच्या दशकात सदस्याला वर्षातले २६ शनिवार द्यावे लागत, आणि शनिवार म्हणजे बाहेरच्या कार्यक्रमांची सर्वांत कमाईची रात्र. तरी लोक यायचे. आज अट बरीच सैल आहे आणि मोठी नावं वर्षात मोजक्या वेळा येतात, ही तक्रार खरी आहे. पण कॅरी अंडरवुड, व्हिन्स गिल, ल्यूक कॉम्ब्स, लेनी विल्सन हे सगळे सदस्य आहेत, आणि त्याच यादीत बिल अँडरसनही आहे, जो १९६१ पासून सदस्य आहे. एका रात्री विशीतला मुलगा पहिल्यांदाच इथे उभा राहतो आणि त्याच्या आधी किंवा नंतर साठ वर्षं गाणारा माणूस येतो. हे मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळालं नाही.

मी तिथे सगळ्यात जास्त कोणाची वाट बघायचे तर जीनी सीलीची. १९६७ पासूनची सदस्य, पाच हजारांहून जास्त खेळ, इतके कोणीच केले नाहीत. ऑप्रीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग असतात आणि प्रत्येकाला एक यजमान कलाकार. कित्येक दशकं तो पुरुषच असे. हा भाग नियमितपणे सांभाळणारी पहिली बाई जीनी. ऐंशीच्या आसपासचं वय, चमचमता पोशाख, आवाज थोडा खरखरीत झालेला, पण नव्या मुलीची ओळख करून देताना तिचा हात त्या मुलीच्या पाठीवर असायचा. १ ऑगस्ट २०२५ ला ती गेली, ऑप्रीची शंभरी चार महिन्यांवर असताना. ती बातमी वाचून मी अण्णांना फोन केला होता.

आता जागेबद्दल. १५ मार्च १९७४ ला रायमनमधला शेवटचा खेळ झाला आणि दुसऱ्या दिवशी शहराबाहेरचं नवं ऑप्री हाउस उघडलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन आले होते, त्यांनी पियानो वाजवला. निघताना रायमनच्या रंगमंचाचा सहा फुटांचा गोल तुकडा कापून नव्या रंगमंचाच्या मधोमध बसवला. गाणारा त्याच गोलात उभा राहतो. हँक उभा राहिला तीच लाकडं. मे २०१० मध्ये कम्बरलंड नदीला पूर आला, रंगमंचावर जवळजवळ चार फूट पाणी होतं. तो गोल काढून, सुकवून, परत जागेवर बसवला आणि सप्टेंबरमध्ये ऑप्री हाउस पुन्हा उघडलं. मधल्या महिन्यांत एकही खेळ चुकला नाही. शहरातल्या दुसऱ्या सभागृहांत झाले. कोविडच्या वेळी रिकाम्या खुर्च्यांसमोर मोजके कलाकार गात राहिले. ३० ऑक्टोबर २०२१ ला शनिवारच्या प्रक्षेपणांचा आकडा पाच हजारांवर गेला.

तुमच्यासाठी व्यवहाराचं: ऑप्री हाउस शहराच्या मध्यापासून दूर आहे, गाडीची सोय आधी करा. कंट्रीची तयारी करून जायची काही गरज नाही. पुढच्या रांगेपेक्षा निवेदक आणि मागची बाकं दिसतील अशी जागा घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रायमन बघा, तिथल्या बाकावर दहा मिनिटं बसा. खेळाच्या आधी रंगमंचामागची फेरी मिळाली तर सोडू नका.

आणि जाणं जमलं नाहीच, तर डब्ल्यूएसएम इंटरनेटवर थेट लागतं. शनिवारी संध्याकाळी सातचा खेळ आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला येतो, तिथल्या हिवाळ्यात साडेसहाला. अण्णा मिरजेला आता तोच लावतात, आणि साडेसातला आईला फोन देऊन मला सांगायला लावतात की आज कोण कोण होतं.