साहित्यात कुत्रा-मांजर माणसाचे सोबती म्हणून कुठे कुठे येतात? की हे फक्त शहरातल्या पेटवाल्यांचं खूळ आहे?

प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण तो जरा झोंबला. नाही, शहराचं खूळ नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातला, कोरडवाहू शेती, पऱ्हाटी-तूर आणि जमलं तं रब्बीला थोडा चना, आणि गावातल्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते म्हणून वाचणं होते. आमच्याकडे कुत्र्याला कोणी पेट म्हणत नाही, त्याला पट्टा नाही, शाम्पू नाही, रात्रीची उरलेली भाकर आणि मग वावरात ड्युटी. पण खरं सांगतो, सोबती म्हणून जी कुत्री साहित्यात लक्षात राहिली ती जास्त करून अशीच आहेत, सोफ्यावरची नाहीत.

सगळ्यात आधी प्रेमचंदांची 'पूस की रात' वाचा. हिंदी आहे पण विदर्भातल्या माणसाला हिंदीचं काय अवघड, आणि आठ-दहा पानांची तर गोष्ट. १९३० सालची. हल्कू नावाचा शेतकरी, त्याने थंडीत कांबळं घ्यायला तीन रुपये जमवले असतात, ते सावकार येऊन घेऊन जातो. बायको मुन्नी भांडते, म्हणते सोडून दे ही शेती, पण पैसे द्यावेच लागतात. मग पौषाच्या रात्री हा एक जुनी चादर घेऊन वावरात जागलीला, आणि खाटेखाली त्याचा कुत्रा जबरा. थंडी अशी की दोघंही कुडकुडतात. हल्कू त्याच्याशी बोलतो, तुला कोणी सांगितलं होतं माझ्यामागं यायला, आता भोग, असं काहीतरी, आणि शेवटी त्याला उचलून छातीशी घेऊन झोपतो. कुत्र्याच्या अंगाचा वास येत असतो पण त्याचं त्याला काहीच वाटत नाही. मग बाजूच्या आमराईतला पालापाचोळा गोळा करून शेकोटी करतात. पुढे नीलगाई पिकात शिरतात, जबरा भुंकून भुंकून जीव काढतो, आणि हल्कू आधी उठतच नाही. मग उठतो, दोन पावलं जातो, परत येऊन राखेपाशी बसतो. सकाळी पीक साफ. बायको रडकुंडीला, आता मजुरी करून शेतसारा भरावा लागंल म्हणते, आणि हा म्हणतो बरं झालं, आता थंडीत इथं झोपायला तं यावं लागणार नाही.

ज्याने जागल केली नाही त्याला हा शेवट विचित्र वाटते, काहींना तो हल्कू आळशी वाटते. आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात आणि रोही-डुक्कर दोन्हीनं वैताग आणलाय, आता कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्या झटका मशीन आल्या, सोलरच्या, पण तार तुटली की परत माणूस आणि कुत्रं. कडाक्याच्या थंडीत पहाटे पहाटे कुत्रं धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, तोंड करून भुंकते, तुम्हाला ऐकू येते, रोही कुठून शिरले तेही समजते, आणि तरी अंगावरची वाकळ काढवत नाही. त्या वेळी कुत्रं एकटंच शेतकरी असते. प्रेमचंदांनी हे नेमकं पकडलं, जबरा आपलं काम सोडत नाही, माणूस सोडतो. आणि लेखक माणसाला शिव्या पण देत नाही, कारण तीन रुपये कुठं गेले ते आपण पहिल्याच पानावर पाहिलेलं असते.

यावरूनच माझं मत असं झालं की कुत्र्याच्या चांगल्या गोष्टी कुत्र्याच्या इमानाबद्दल नसतातच. कुत्रं इमानी असते हे तं सगळ्यांना माहीतच आहे, त्यात गोष्ट काय? गोष्ट तिथं सुरू होते जिथं माणसाची पाळी येते. महाभारत घ्या ना. महाप्रस्थानाला, म्हणजे शेवटच्या प्रवासाला, पाच पांडव, द्रौपदी आणि सातवं ते कुत्रं. एकेक जण वाटेत पडतो, शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रं उरतात, इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, सोड त्याला. आता बघा, त्या कुत्र्याने पूर्ण रस्ताभर काहीच केलेलं नाही, वाघाशी लढलं नाही, कोणाला वाचवलं नाही, फक्त मागं मागं चाललं. युधिष्ठिर म्हणतो आसऱ्याला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. मग ते कुत्रं म्हणजे धर्म होता हे कळते. हा शेवट सगळ्यांना माहीत असतो, पण सुरवात कोणी सांगत नाही. आदिपर्वात पांडवांच्याच वंशातल्या जनमेजय राजाचा यज्ञ चालू असतो, तिथं सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचं पिल्लू येते, राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जाते, म्हणते मी हवनाच्या वस्तूला तोंड लावलं नाही, पाहिलं सुद्धा नाही. सरमा सरळ यज्ञात येऊन विचारते काहून मारलं, आणि तिथं कोणाकडेच उत्तर नसते, म्हणून ती शाप देते. म्हणजे एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या तोंडाशी कुत्र्याला विनाकारण मारल्याची तक्रार आणि शेवटाला त्याच घराण्यातला पूर्वज कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो. हे मुद्दाम असंच ठेवलंय की कसं, ते विद्वानांनी ठरवावं, मला तं वाचताना अंगावर काटा येते.

होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यात आर्गोस आहे. मालक ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, भिकाऱ्याच्या वेशात, आणि हा म्हातारा कुत्रा दारापाशी शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरलेला पडलेला. त्याला एकट्यालाच मालक ओळखू येतो. उठायची ताकद नाही, शेपूट हलवतो, कान पाडतो. आणि ओडिसियस त्याच्याजवळ जाऊ शकत नाही, कारण ओळख फुटली तं शत्रू मारून टाकतील, सोबतच्या माणसापासून लपवून डोळा पुसतो आणि आत जातो. आर्गोस तिथंच मरते. उकिरड्यावरचं कुत्रं, गोचिडं, हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं की हा होमर म्हणजे आपल्याकडच्याच गुरांच्या कोठ्यात बसून गेला की काय.

आणि रशियाच्या तुर्गेनेवची 'मुमू', १८५४ ची. गेरासिम हा मुका-बहिरा गुलाम, मालकिणीने खेड्यातून उचलून मॉस्कोला आणलेला, जिच्यावर मन होतं तिचं लग्न मालकिणीने दुसऱ्याशी लावलेलं. त्याला नदीच्या चिखलात एक पिल्लू सापडते, तीच मुमू, तेवढंच त्याचं आयुष्यात आपलं. मालकिणीला भुंकण्याचा त्रास होतो, हुकूम येतो, आणि गेरासिम स्वतःच मुमूला पोटभर खाऊ घालून नावेतून नेऊन बुडवतो. मग परत मालकिणीकडे जात नाही, सरळ पायी आपल्या गावाला निघून जातो, आणि पुढे कधी कुत्रं ठेवत नाही. तुर्गेनेवच्या आईच्याच घरात असा प्रसंग झाला होता, फक्त खऱ्यातला तो माणूस मालकिणीला सोडून गेला नव्हता. गोष्टीत लेखकाने त्याला चालतं केलं.

आता एक गोष्ट जी अशा चर्चेत कोणी काढत नाही. आपल्याकडे कुत्र्या-मांजराचा विषय जातीशिवाय पूर्ण होत नाही. प्रेमचंदांचीच 'दूध का दाम' वाचा. मंगल हा अनाथ पोरगा, त्याच्या आईने जमीनदाराच्या पोराला आपलं दूध पाजून वाढवलं, आणि ती मेल्यावर हा त्याच घरासमोर निंबाच्या झाडाखाली राहतो, उष्टं खातो, सोबतीला टॉमी नावाचं कुत्रं. दोघं एकाच पानात जेवतात, एकमेकांशी बोलतात. बाकी गावात त्याला शिवायला कोणी तयार नाही. बाबासाहेब १९३१ मध्ये गांधीजींना भेटले तेव्हा हेच बोलले होते, की ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवतात, प्यायला पाणी मिळत नाही, तो आपला देश कसा म्हणू. चवदार तळ्यावर जनावर पाणी पिऊ शकत होतं, माणूस नाही. म्हणून ज्या घरांनी हे भोगलं तिथल्या लेखकाकडून गोड गोड डॉगीच्या गोष्टीची अपेक्षा करू नका. त्याच्यासाठी कुत्रं सोबती पण असते आणि तुलनेचं माप पण, दोन्ही एकदमच.

मराठीत विचारलंत तं कुत्र्याच्या बाबतीत थोडं कोरडंच आहे. रायगडावरच्या वाघ्याचं नाव सगळ्यांना माहीत, समकालीन कागदपत्रांत त्याचा आधार नाही असं इतिहासवाले म्हणतात आणि दरवेळी वाद होतो, पण गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकाने त्याला मराठी मनात पक्का बसवला. (गडकरी वारले ते आमच्या विदर्भातच, सावनेरला, १९१९ मध्ये. नाटक अपुरंच राहिलं.) आमच्या भागात वावरावावरातल्या कुत्र्याचं नाव वाघ्या असते, त्यातल्या कोणाला गडकरी माहीत नाही. पुलंचं 'पाळीव प्राणी' हसायला मस्त, पण ते कुत्र्यापेक्षा कुत्रं पाळणाऱ्यांवर आहे. अरुण कोलटकरांची पाय-डॉगवरची कविता इंग्रजीत आहे, मुंबईच्या रस्त्यावरचं कुत्रं आपली वंशावळ सांगते आणि बापाकडून थेट युधिष्ठिराच्या कुत्र्यापर्यंत नेते. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी सोडू नये.

मांजराचं गणित वेगळंच. आपल्या जुन्या गोष्टींत मांजर सोबती नाही, लबाड साधू आहे. पंचतंत्रात ससा आणि तितर भांडण मिटवायला तपस्वी बोक्याकडे जातात, तो म्हणतो म्हातारा झालो, ऐकू येत नाही, जवळ या, आणि दोघांना खातो. महाबलीपुरमच्या दगडात पण तप करणारं मांजर आणि त्याच्यापुढे उंदीर कोरलेत. घरात धान्य ठेवणाऱ्या लोकांना मांजर लागतच होतं, आमच्याकडे आजही चन्याच्या पोत्यांसाठी लागते, पण शिंक्यावरच्या दुधामुळे विश्वास कोणाचा नाही. तिकडे बाहेर मात्र लेखकांचं मांजराशी चांगलं जमते. जपानच्या सोसेकीने १९०५-०६ मध्ये अख्खी कादंबरी मांजराच्या तोंडून सांगितली, त्याला नाव सुद्धा नाही, एका मास्तराच्या घरी राहते आणि मास्तर नि त्याच्या दोस्तांची खिल्ली उडवत राहते, शेवटी बिअर पिऊन पाण्याच्या रांजणात पडून मरते. डिक्शनरीवाले डॉक्टर जॉन्सन आपल्या हॉज नावाच्या मांजरासाठी स्वतः कालवं आणायला बाजारात जायचे, नोकराला पाठवलं तं नोकर मांजराचा राग धरतील म्हणून. हे लिहून ठेवणाऱ्या बॉझवेलला मांजर बिलकुल सहन होत नव्हतं, तरी त्याने लिहिलं.

पण मराठीत एक मांजर आहे आणि ते आपण सगळ्यांनी वाचलंय, फक्त आठवत नाही. 'श्यामची आई'मधली मथी. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ ला आलं. आई अंथरुणाला खिळलेली, घरात गरिबी इतकी की औषधाचे वांधे, आणि ही तिची लाडकी मांजर. आई गेल्यावर मथी खाणं-पिणं सोडते आणि थोड्याच दिवसांत आई गेली त्याच जागेवर तीही जाते. दोन-चार वाक्यांतच आहे सगळं, गुरुजी तिथं फार रडत बसत नाहीत, जे एरवी ते बऱ्याचदा करतात. लोक म्हणतात मांजर घराला धरून असते, माणसाला नाही. मथी वाचली की ते म्हणणं जरा मागं घ्यावं लागते.

तं कुठून सुरू करायचं विचाराल तं आधी 'पूस की रात', मग महाप्रस्थानिक पर्व, छोटंसंच आहे, मग 'श्यामची आई' काढून शेवटची प्रकरणं परत वाचा. प्रेमचंद आणि साने गुरुजी दोघांचा कॉपीराइट संपलाय, नेटवर फुकट सापडते. 'मुमू' मात्र घरात लहान पोट्टे असतील आणि त्यांनी नुकतंच पिल्लू आणलं असेल तं त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका, आमच्या वाचनालयात एका पोरीने वाचली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.